पगारपत्रकाबाहेरची जबाबदारी

मा. संपादक,
स. न.

संस्थेच्या आश्रयाने ज्या मुलांवर लैंगिक अत्याचार होतात, त्यांच्या न्यायाची चर्चा बहुधा गुन्हेगाराच्या शिक्षेपाशी थांबते. परंतु तो मरण पावला असेल किंवा त्याच्याकडे भरपाईपुरते काहीच नसेल, तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या (तेथील हेच सर्वोच्च न्यायालय) १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पुन्हा उभा केला आहे. १९७१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात पाच वर्षांच्या मुलावर एका कॅथलिक धर्मगुरूने त्याच्याच घरी, धर्मकार्याच्या भेटीला आलेला असताना, अत्याचार केले. त्याला घरात प्रवेश मिळाला तो त्याच्या पदामुळे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी धर्मप्रांताला (बिशपच्या अखत्यारीतील चर्चच्या विभागाला) जबाबदार धरले होते; हायकोर्टाने ते फिरवले, कारण दुसऱ्याच्या कृत्याची अशी जबाबदारी मालक-नोकर नात्यातच येते आणि धर्मगुरू हा धर्मप्रांताचा नोकर नाही.

तर्क काटेकोर असेलही. पण ज्याची नेमणूक आणि बदली बिशप करतो, त्याच्याबद्दल हे दार बंद, आणि पगारावरच्या कारकुनाबद्दल मात्र निदान वाद तरी घालता येतो, हे कोणत्या न्यायात बसते?

पीडितांना अशा अडचणी नव्या नाहीत. अत्याचाराबद्दल तोंड उघडायला सरासरी सुमारे २४ वर्षे लागतात, असे तेथील रॉयल कमिशनला (सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला) आढळले. तोवर दावा मुदतबाह्य झालेला असे. व्हिक्टोरियाने ही मुदत २०१५ मध्ये काढून टाकली. चर्चला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वच नाही, म्हणून दावा लावायचा कोणावर, हा २००७ च्या एका निकालाने घातलेला पेच त्या राज्याने २०१८ मध्ये सोडवला. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय भरपाई योजनेत कमाल रक्कम दीड लाख डॉलर आहे, आणि ती स्वीकारताना संबंधित संस्थेवर दिवाणी दावा करण्याचा हक्क सोडून द्यावा लागतो.

अशा निकालांचा खरा परिणाम न्यायालयापेक्षा तडजोडीच्या बैठकीत दिसतो. दावा टिकणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असले, की संस्थेचा वकील देऊ करील तो आकडा मुकाट्याने घ्यावा लागतो.

म्हणून कायद्याने नोकरीचा करार न पाहता, मुलापर्यंत पोहोचण्याचा अधिकार कोणी दिला, हे पाहावे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ‘नोकरीसदृश’ नाते पुरेसे मानले होते. ही तरतूद पूर्वलक्षी असावी. व्हिक्टोरियाने २०१७ मध्ये संस्थांवर टाकलेले, मुलांवर अत्याचार होऊ नयेत म्हणून काळजी घेण्याचे कर्तव्य फक्त त्यापुढच्या घटनांना लागू आहे. पूर्वलक्षी कायदा संस्थांवर अन्याय करतो, हा आक्षेप येथे फारसा टिकत नाही, कारण ही कृत्ये तेव्हाही गुन्हाच होती. प्रश्न आहे तो फक्त भरपाई कोणी द्यावी याचा. जुने अन्याय्य तडजोडनामे रद्द करण्याचा अधिकार व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये न्यायालयांना दिला. या निकालाच्या धाकाने ज्यांनी तुटपुंज्या रकमेवर सह्या केल्या असतील, त्यांनाही तशीच सोय मिळावी.

आपला विश्वासू,
एक वाचक