एकांकिका लिहिणाऱ्या सभासदांसाठी: पात्रांबद्दल
सभासदहो, वाचनासाठी संहिता देण्याआधी पात्रांची यादी पुन्हा पाहा. बायका फक्त आई, बायको, प्रेयसी एवढ्याच उरल्यात का? अ‍ॅलिसन बेकडेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीच्या १९८५च्या चित्रपट्टीतली (कॉमिक स्ट्रिप) कसोटी लावा: दोन बायका एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल? एसटीतली कंडक्टर, ऊसतोडीला जाणारी बाई कामाबद्दल, पैशाबद्दल बोलू दे. अर्थात, कसोटी पार झाली म्हणून पात्र जिवंत होत नाही.

तृतीयपंथी पात्र टाळी वाजवून हशा मिळवण्यापुरतं कृपया आणू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य केली; आपल्या रंगमंचावर त्यांना नाव, घर, नोकरी, राग सगळं असू दे. लिहिण्यापूर्वी त्यांच्यापैकी कुणाशी तरी जरूर बोला.