निधी समितीला माणसे हवीत, तर काम नेमके सांगा

महोदय,

निसर्ग संवर्धन संस्थांच्या निधी समित्यांत वर्षानुवर्षे तीच चार माणसे राबताना दिसतात. ‘स्वयंसेवक हवेत’ अशा मोघम आवाहनाने कोणी येत नाही. देणगीदारांची यादी अद्ययावत ठेवणे, पावत्या पोचवणे, कार्यक्रमाच्या दिवशी दोन तास टेबल सांभाळणे, असे ठरावीक काम घेऊन समोरासमोर विचारले, की बरेच जण तयार होतात. टिकवणे मात्र खरे कठीण. नवख्याच्या गळ्यात पहिल्याच वर्षी खजिनदारपद घालू नये. हा अन्याय फार होतो. जमलेल्या पैशांतून कोणती पाणथळ जागा राखली, लावलेली रोपे किती जगली, हे त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवावे. अध्यक्षपदाची मुदतही ठरलेली असावी, म्हणजे जुन्यांना सन्मानाने मोकळे होता येईल.

– एक वाचक