पणजोबांची शिंपल्याची डबी

महाल, नागपूर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मनाला लागलेलं आधी सांगते. ‘आमचे आजोबा जुगारी होते’ हे आता घरात कुणी बोलायचं नाही. ज्या डबीवरून ते बोललं जायचं, त्या माळ्यावरच्या डबीचा छडा लागला.

आत ८४ चकत्या निघाल्या. आपण हाडाच्या समजत होतो, त्या शिंपल्याच्या आहेत. खिडकीपाशी तिरपी धरली की गुलाबी-हिरवी झाक मारते. काही गोल, काही लांबट, उरलेल्या मासोळ्या, अगदी खवल्यांसकट कोरलेल्या. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रज घराणी अशा चकत्या चीनमधून, कँटनच्या कारागिरांकडून करवून घेत. पत्त्यांच्या डावात हिशोबासाठी त्या मांडायच्या. फ्रेंचांमध्ये अशा चकतीला ‘फीश’ म्हणत, इंग्रजांनी त्याचा मासाच केला असं सांगतात.

प्रत्येकीवर दोन इंग्रजी अक्षरं गुंफली आहेत. ती ना आपल्या आडनावाची, ना पणजोबांच्या नावाची. आणि बाबा, चकत्या ज्याच्या घरी डाव बसतो त्याच्या असतात. जिंकणारा पैसे घेऊन उठतो, चकत्या डबीत परत जातात.

मग आपल्याकडे कशा? तुमच्याच ट्रंकेतल्या रोजकीर्दीत सापडलं. मोडी वाचणाऱ्या एका सरांकडे चार रविवार वही घेऊन बसले. मीठ, गूळ, घासलेट, आणि त्याखाली: ‘कामठी लिलाव, शिंपल्याच्या चकत्या डबीसुद्धा, सव्वा रुपया.’ नागपूरजवळच्या कामठीची इंग्रज लष्करी छावणी १८२१ची. साहेबाची बदली झाली की घरचं सामान लिलावात निघायचं. जुगार कोण वहीत लिहितो, असं म्हणाल. पण सावकाराचं थकलेलं व्याजसुद्धा त्यांनी लपवलेलं नाही. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तुम्ही इतकी वर्षं त्यांचा फोटो भिंतीवर लावू दिला नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटलं.

आई, आता तुझ्यासाठी. चार मासोळ्यांना डोळ्याच्या जागी भोकं पाडली आहेत, दाभणानं पाडावीत तशी ओबडधोबड. एकीत लाल दोऱ्याचा तुकडा अजून अडकलाय. मला ते पाळण्यावरचं चिमणाळं वाटतं. तुझ्या सासूबाई कधी काही बोलल्या होत्या का? आत्यालाही फोन करून विचार.

फोटो काच बदलायला दिलाय. बाबा, कुठल्या भिंतीवर लावू ते कळवा.

तुमची,
मोठी