रविवारच्या बैठकीची सूचना : विषय गणपतराव देशमुख

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारची बैठक संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्याच ठिकाणी. विषय : सांगोल्याचे आमदार कै. गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब.

येण्याआधी थोडी उजळणी. वकिलीची सनद असलेला हा माणूस शेतकरी कामगार पक्षात आला आणि १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेला. एकूण ११ वेळा निवडून आले, तेही एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षातून. हल्लीच्या कोलांटउड्या पाहता यावर वेगळं काय बोलणार! पण चर्चा नुसत्या विक्रमावर नको. १९७२ ला ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला दोनशेच्या आतल्या मतांनी हरले, १९९९ ला पुन्हा जिंकले. पडलेल्या काळातही तालुक्यात माणूस कसा टिकून राहतो, हे समजून घ्यायचं आहे. माझ्या मते उत्तर सूतगिरणीत आणि पाण्यात आहे. दुष्काळी माणदेशात सहकारी सूतगिरणी काढणं आणि ती नीट चालवणं, शिवाय टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडणं, ही कामं मतदार विसरत नाही. मंत्रिपदं मिळाली, पण थोड्या काळाची. एसटीने फिरणाऱ्या आमदाराचे किस्से सगळ्यांनाच ठाऊक आहेत, ते शेवटच्या दहा मिनिटांत घेऊ.

सांगोला, आटपाडीकडच्या सभासदांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यावं. जुनी कात्रणं असतील तर मूळ प्रत नको, झेरॉक्स आणा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, चहाचा अंदाज येतो.

– चिटणीस