साखर पालथी होते त्याची गोष्ट

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

दुधातल्या गॅलॅक्टोजचं जंतू ग्लुकोज कसं करतात, हे तू परवा फोनवर विचारलंस आणि मी काहीतरी ठोकून दिलं. ते डोक्यात राहिलं, म्हणून हे पत्र.

या दोन साखरांत फरक एवढाच, की चौथ्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एकीत वर, दुसरीत खाली. लेलॉयर या जीवरसायनशास्त्रज्ञांनी अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्समध्ये हा मार्ग उलगडला. १९७० चं नोबेल त्यांचंच. साखरेला आधी यूडीपी नावाच्या रेणूचं शेपूट लागतं, मग ई. कोलाय या जंतूमधलं गॅल-ई हे एन्झाइम तो ओएच फिरवतं.

फिरवतं कसं? एन्झाइमच्या पोटातलं एनएडी (हायड्रोजनची ने-आण करणारा मदतनीस रेणू) त्या कार्बनचा हायड्रोजन काढून घेतं, एन्झाइमच्या साखळीतलं १४९ क्रमांकाचं अमिनो आम्ल, टायरोसीन, ओएचमधला प्रोटॉन उचलतं. आता हायड्रोजन परत द्यायचा, पण उलट्या बाजूने. आणि एनएडी तर एकाच बाजूला घट्ट बसलेलं! मी कॉलेजात असताना यावर सरांशी वाद घातला होता, पलीकडेही एखादा हात असणारच म्हणून. हरलो.

अमेरिकेत मॅडिसनला हेझल होल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याची स्फटिकरचना, म्हणजे कुठला अणू कुठे त्याचा नकाशा, काढली, २.५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईची. पण खरी गंमत १९९८ ची. चालू एन्झाइममध्ये साखर एका रूपात थांबतच नाही, म्हणून त्यांनी ते टायरोसीन आणि १२४ वं अमिनो आम्ल, सेरीन, बदलून एन्झाइम लुळं केलं. मग दिसलं: दोन्ही साखरांचं यूडीपी जागच्या जागी, आणि साखर तेवढी पालथी, म्हणजे तिची दुसरी बाजू एनएडीसमोर. तव्यावर भाकरी उलटावी तशी! शेपूट पक्कं धरायचं, साखरेला मात्र सैल सोडायचं. इतकी वर्षं मी 'एन्झाइम म्हणजे कुलूप-किल्ली' असं शिकवत आलो, त्याची जराशी लाजच वाटली.

अजून एक. २९९ वं टायरोसीन काढून तिथे छोटं सिस्टीन बसवलं, तर खिशात जागा होते आणि नायट्रोजनवाली जाडी साखरही मावते. त्या साखरेवरचं एन्झाइमचं काम २३० पटीहून जास्त वाढलं. माणसाच्या एन्झाइममध्ये तिथे सिस्टीनच असतं.

दिवाळीत आलास की लॅपटॉपवर फिरवून दाखवतो. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना सांग, भाकरीची उपमा त्यांच्याच तव्यावरून सुचली.

तुझा,
अव्या