परदेशातून १९३० लागत नाही

मा. संपादक,
स. न.

परदेश प्रवासात फसव्या मेसेजपासून सावध राहा, असे सांगणारा मजकूर कालच्या अंकात वाचला. हेतू चांगला आहे. पण ‘लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, फसलात तर १९३० वर फोन करा’ एवढे सांगून भागत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा चार आकडी नंबर इथल्या नेटवर्कवरच चालतो. तिथला माणूस तो लावणार कसा?

माझी वहिनी उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ब्रिटनमधल्या स्विंडनला गेली होती. गोव्यातली किती घरे तिथे आहेत, हे मी सांगायला नको. रात्री अकराला तिला मेसेज आला, ‘परदेशात कार्ड वापरल्यामुळे खाते गोठवले आहे, केवायसी करा.’ तो आला बँकेच्या खऱ्या मेसेजच्या खाली, त्याच नावाने. पाठवणाऱ्याचे नाव खोटे घालता येते आणि फोन एका नावाचे सगळे मेसेज एकाखाली एक लावतो. तिने माहिती भरली, पैसे गेले. कार्डामागचा १८०० चा टोल-फ्री नंबर तिथून लागेना. तेव्हा फोंड्यात पहाटेचे साडेतीन. तिने भावाला उठवले, त्याने बँकेला फोन केला, तर उत्तर मिळाले, ‘खातेदारालाच बोलायला सांगा.’ अहो, तिचा फोन लागत नाही म्हणूनच तर तो बोलत होता! कार्ड बंद झाले ते सकाळी शाखा उघडल्यावर. तोवर आणखी दोनदा रक्कम कापली गेली होती.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणजे सगळे अडते ते कळवण्यापाशी, आणि नेमके तेच तुमच्या मजकुरात नाही. परदेशातून लावायचा बँकेचा वेगळा नंबर दाबोळी किंवा मोपा विमानतळ गाठण्याआधीच कागदावर लिहून घ्यावा, फोनमध्ये नव्हे. कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपवरून बंद करता येतात, त्यांची मर्यादाही ठरवता येते. तिथले सिम घेतले तरी आपले काढून ठेवू नये, पैसे कापल्याचा मेसेज त्यावरच येतो. ब्रिटनमध्ये स्थानिक सिमवर आलेला फसवा मेसेज ७७२६ वर फुकट पाठवता येतो. आणि १९३० वर फोन करायचाच, पण तो घरच्या माणसाने इथून.

आणखी एक. त्याच पानावर खाली परदेशी नोकरीच्या तीन जाहिराती होत्या. तिन्हींत नुसता मोबाईल नंबर, ना पत्ता, ना नोंदणी क्रमांक. १९८३ च्या कायद्याने अशा एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची आहे आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. वर सावध राहा म्हणायचे आणि खाली असल्या जाहिराती छापायच्या, हे बरे नव्हे. नोंदणी क्रमांक नसेल तर जाहिरात घेऊ नका.

– एक वाचक, बांदोडे, फोंडा