मेडिकल फील्ड म्हणजे नक्की काय रे?

प्रिय निखिल,

एवढं मोठं मोबाईलवर टाईप करायची सवय नाही, चुका सांभाळून घे. बार्शीच्या लग्नात मोठ्या मामांनी तुला विचारलं काय करतोस, आणि तू म्हणालास "मेडिकल फील्डला आहे". मी मागेच उभी होते. मामांना वाटलं एमबीबीएस, त्यांनी पाठीवर थाप मारली, बाजूच्या दोघा-तिघांना सांगितलं सुद्धा, आणि तू नर्सिंग शिकतोयस हे न सांगता नुसता हसत राहिलास.

रागवत नाहीये. मला तो हक्कच नाही, कारण तुझ्या पहिलीच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात मीच "नर्स" न लिहिता "सरकारी नोकरी" असं लिहिलंय. खोटं नाही ना ते? तुझं पण खोटं नव्हतंच.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आजीने पाहुण्यांना सांगितलेलं की सून दवाखान्यात ऑफिसात आहे. नाईट ड्युटी म्हटलं की लोकांचे चेहरे कसे व्हायचे ते मी बघितलंय, पोलिसाची नाईट म्हणजे बंदोबस्त आणि नर्सची नाईट म्हणजे काय ते तुम्हीच समजा असा प्रकार. ड्युटीवरून आले की आधी मोरीत आंघोळ, मग चुलीपाशी. आता इन्फेक्शनच्या दृष्टीने ते चांगलंच, पण ती आंघोळ जंतूंसाठी नव्हती रे, विटाळासाठी होती. 2020 मध्ये अख्खी बिल्डिंग घरी आल्या आल्या मोरीत पळायला लागली तेव्हा मला एकटीलाच हसू यायचं. त्याच वर्षी 22 मार्चला सगळ्यांनी ताटं वाजवली, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली, आणि त्याच दिवसांत माझ्याबरोबरच्या एका सिस्टरला घरमालकाने खोली खाली करा म्हणून सांगितलं. सगळं त्याच दोन-तीन महिन्यांतलं.

मुळात आपल्याकडे रक्त, शी-शू, बाळंतपण याला जो हात लावेल तो खालचा, हे ठरलेलंच होतं. सुईण लागायची, पण काम झालं की ती उंबऱ्याबाहेर. म्हणून तर 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना हात लावत होत्या ही साधी गोष्ट नव्हती, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या. विटाळाच्या त्या समजुतीमुळे वरच्या घरातल्या बायका या कामाला कितीतरी वर्षं आल्याच नाहीत, आल्या त्या ख्रिश्चन मुली, मग केरळच्या. मला ट्रेनिंगमध्ये कॅथेटर (लघवीची नळी) घालायला शिकवलं ते केरळच्याच एका सिस्टरने (मल्याळम शिव्या पण तिनेच शिकवल्या, तो वेगळा विषय). घरापासून दीड हजार किलोमीटरवर येऊन आपल्या आजोबांची बेडपॅन उचलायची आणि वर लोकांनी म्हणायचं या नर्सा अशाच असतात.

आणि हे बायकांचंच काम असं तुला कुणी म्हटलं तर सांग, नर्सिंगला शिस्त लावणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई 1854 ला क्रिमियाच्या युद्धावर जायच्या आधी ब्रिटिश सैन्यात जखमींचं सगळं पुरुष ऑर्डर्लीच (मदतनीस) बघायचे. 1860 ला लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी नर्सिंगची शाळा काढली ती मुलींसाठी, तिथून हळूहळू ते बायकांचं झालं. आता तर उलटं, एम्सच्या नर्स भरतीत 80 टक्के जागा बायकांना आणि 20 तुम्हाला, मिलिटरी नर्सिंगचं दार तर मुलांना बंदच. तुला राग येतो त्याचा, येऊ दे. अन्याय वाटण्यासारखंच आहे.

पण एक गोष्ट मी तीसेक वर्षं वॉर्डात बघितलीये ती तुला आत्ताच सांगते. वॉर्डात नवा ब्रदर (पुरुष नर्स) आला की पेशंट त्याला पहिल्या दिवशीच "डॉक्टरसाहेब" म्हणतात. मी इन्चार्ज, केस पांढरे झालेले, आणि नातेवाईक माझ्या समोरून जाऊन दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या पोराला विचारतात की साहेब आमचा पेशंट कसा आहे. आणि ती पोरं सांगत नाहीत रे! "मी नर्स आहे, त्या सिस्टरना विचारा", एवढं एक वाक्य तोंडातून निघत नाही. मला तर कधी चुकूनसुद्धा कुणी डॉक्टर म्हणालं नाही. लग्नात तू जे केलंस ते हेच, फक्त मांडवात केलंस.

शिवाय ब्रदरला ऑर्थो (हाडांचा वॉर्ड), कॅज्युअल्टी, सायकियाट्री (मनोरुग्णांचा वॉर्ड) द्यायची आणि स्पंजिंग (अंग पुसणं), डायपर आमच्याकडे. का, तर म्हणे त्यांच्यात ताकद. ताकद? शंभर किलोचा बेशुद्ध माणूस दोन-दोन तासांनी कुशीवर वळवायला काय लागतं मग? आम्ही दोघी मिळून ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) धरून वळवायचो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानभाग तुला शिकवल्या असतील, 1973 मध्ये त्यांच्याच हॉस्पिटलातल्या सफाई कामगाराने हल्ला केला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि त्यानंतर 2015 पर्यंत, म्हणजे 42 वर्षं, केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. एवढ्या वर्षांत बेडसोर (पडून पडून होणारी जखम) होऊ दिला नाही म्हणतात. लोक याला माया म्हणतात. मी तर आधी कौशल्य म्हणीन, कारण मायेने बेडसोर टळत नाही, वेळच्या वेळी वळवल्याने टळतो. माया म्हटलं की पगार कमी दिला तरी चालतो ना.

तुझं लेबर रूमचं पोस्टिंग येईल तेव्हा नातेवाईक तुला बाहेर काढतील, अपमान वाटेल. बाईला आधी विचारायचं, ती नको म्हणाली तर निमूट बाहेर यायचं, ती मुलगा म्हणून तुला हाकलत नाहीये, तिला लाज वाटतेय. चिडून उगाच वाद घालू नको.

मामांना मी काल फोन केला. म्हटलं दादा, निखिल नर्सिंगला आहे, माझ्याच लाईनला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले "मुलगा असून?" मग म्हणाले माझी शुगर वाढलीये, त्याला विचार इन्सुलिन पोटात घ्यायचं का दंडात. तर त्यांना फोन कर, तुला येतं ते.

बाबांचं जुनं घड्याळ कुरिअरने पाठवलंय, सेकंद काट्याचं आहे. मोबाईलवर पल्स मोजायची सवय लावू नको. सेल नवीन टाकलाय.

आई